लिलीच्या कंदाची कबुली

मी लिलीचा एक जुना कंद आहे, मित्रांनो. लसणाच्या गड्ड्यासारखा दिसतो, पण अंगावर सैल खवले आहेत. माझ्यामुळे एक जीव गेला. ते कसे घडले, ते सांगतो.

एका मोठ्या कंदाच्या कुशीला चिकटून मी वाढलो. तीन वर्षांनी रोपवाटिकेतल्या माळ्याने मला सोडवून कुंडीत लावले. तिथून एका घड्याळजींच्या मुलीने मला घरी नेले. तिची आई वारली होती आणि तिची स्वतःची दूरच्या गावी बदली झाली होती. बाबा आता एकटे पडणार होते. कुंडी खिडकीत ठेवून ती म्हणाली, "बाबा, हिला पाणी घालायच्या निमित्ताने तरी वेळेवर उठाल."

"उठवायला फौजदार आहे की," बाबा म्हणाले.

फौजदार म्हणजे त्यांचा करडा बोका. मुलीच्या आईने त्याला गटाराच्या कडेवरून उचलून आणले होते. घरात येणाऱ्या प्रत्येक वस्तूची तो हुंगून झडती घेई. त्याने माझीही घेतली आणि तो शिंकला.

बाबांनी पहिल्याच महिन्यात मला जवळजवळ बुडवले. रोज तांब्याभर पाणी! पाने पिवळी पडली, मुळे सडू लागली. तेव्हा ते कुंडी छातीशी धरून माळ्याकडे गेले.

"बोट खुपसून बघा," माळी म्हणाला. "वरची माती कोरडी लागली तरच पाणी घाला. बुडाचं भोक मोकळं ठेवा. उजेड भरपूर हवा, पण दुपारचं कडक ऊन नको."

एवढे सगळे त्याने सांगितले. घरात मांजर आहे का, हे मात्र विचारले नाही. बाबांनीही सांगितले नाही. सांगायला हवे, हे त्यांना ठाऊक तरी कुठे होते?

मी सावरलो. बाबा घड्याळे साफ करायच्या मऊ ब्रशने माझी पाने पुसत. पुढच्या वर्षी मला पाच पांढरी फुले आली, कर्ण्यासारखी. बाबांनी लगेच मुलीला फोटो पाठवला. माझा ऊर भरून आला होता, मित्रांनो. त्याच दिवशी फौजदार खिडकीत चढला, मला अंग घासून गेला आणि माझे केशरी पराग त्याच्या पाठीवर सांडले.

"काय फौजदारसाहेब, रंगकाम काढलंत वाटतं!" बाबा हसले.

फौजदाराने पाठ चाटून स्वच्छ केली.

संध्याकाळी त्याला उलट्या झाल्या. केस पोटात गेले असतील, असे बाबांना वाटले. दुसऱ्या दिवशी तो खाटेखालून निघाला नाही. तिसऱ्या दिवशी पाण्याच्या वाटीपाशी मान टाकून बसला, पण पाणी पिईना. बाबांनी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना घरी बोलावले. त्यांनी त्याचे पोट दाबून पाहिले. मग त्यांची नजर खिडकीकडे गेली आणि चेहरा उतरला.

"आजोबा, ही लिली मांजरांना विष असते. पान, फूल, पराग, फुलदाणीतलं पाणीसुद्धा. किडन्या गेल्यात याच्या. त्याच दिवशी कळवलं असतंत तर..."

चौथ्या दिवशी दुपारी बाबांच्या मांडीवरच फौजदाराचा जीव गेला.

बाबा कात्री घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. मी वाट पाहत होतो. तेवढ्यात मुलीचा फोन आला.

"वय झालं होतं गं त्याचं," बाबा म्हणाले.

ती रडली. मग म्हणाली, "लिली तरी आहे ना सोबतीला? नीट सांभाळा हं तिला."

"हो. छान आहे."

बाबांनी फक्त फुले कापली आणि कात्री खाली ठेवली.

पुढची दोन वर्षे त्यांनी माझे काहीएक चुकवले नाही. पाणी वेळच्या वेळी, माती ताजी. पण पाने पुसणे बंद झाले. गव्हाच्या दाण्याएवढी कळी दिसली की ते ती खुडून टाकत. मुलगी दर आठवड्याला फोनवर विचारी, "लिली कशी आहे?" आणि दर आठवड्याला ते म्हणत, "छान."

एकदा ती रजेवर आली. बाबांना कळी खुडताना तिने पाहिले.

"अहो बाबा, हे काय करताय?"

मग त्यांना सांगावेच लागले.

"मला का नाही सांगितलंत?"

"तू मायेनं आणली होतीस."

ती खिडकीखाली जमिनीवरच बसली. "आणि मी दर वेळी हिचीच चौकशी करत होते," एवढेच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने मला रोपवाटिकेत परत नेले. माळ्याने कुंडीतून काढून मला भुशाच्या पिशवीत घातले. पिशवीवर त्याने जाड अक्षरांत "मांजर असलेल्या घरी देऊ नये" असे लिहीपर्यंत ती तिथून हलली नाही.

मित्रांनो, रोप घरी न्याल तेव्हा पाणी किती, ऊन किती, हे तर विचाराच. पण ते कुणाच्या जिवावर उठेल, हेही विचारा. आम्हाला तोंड नाही, आम्ही आपणहून सांगू शकत नाही.

लोक येतात, मला उचलतात, पिशवीवरचे वाचतात. कुणी म्हणते, "अरे, आपल्याकडे मनी आहे ना," आणि मला परत ठेवून देते. तेव्हा मला फार बरे वाटते.