उशाशी दिवा

मालिनीबाईंनी चिमट्यात धरलेला दाणा रिकाम्या रिफिलच्या तोंडावर टेकवला आणि श्वास रोखला. मोहरीहून जरासा मोठा एलईडी. त्याच्या दोन केसाएवढ्या तारा रिफिलमधून खाली उतरवायच्या, टेबलाच्या पायामागून वळवायच्या आणि खाटेखाली न्यायच्या. खाट काड्यापेटीहून थोडीच लांब. तिच्या पोटात नाण्याएवढा सेल बसवायचा, आणि तो बाहेरून दिसता कामा नये.

एक तार निसटली. त्यांनी चष्मा पुसला आणि ती पुन्हा ओवली.

बुटांच्या खोक्यात मावेल एवढी ती खोली स्वानंदीची होती. त्यांच्या मुलीची. आंब्याच्या कलमाकडे उघडणारी खिडकी, कोपऱ्यातलं टेबल, भिंतीला लागून खाट. लग्न होऊन स्वानंदी टोरांटोला गेली, तिथेच आजारी पडली आणि तिथेच संपली. तेव्हा तिची ओवी तीन वर्षांची होती. आता सहा वर्षांच्या ओवीला आई फोटोतलीच ठाऊक. मध्यंतरी व्हिडिओ कॉलवर तिने विचारलं होतं,

"आजी, आई छोटी होती तेव्हा अंधाराला घाबरायची?"

"घाबरायची तर! उशाशी दिवा लागायचा तिला."

"मला बघायचाय."

दाखवणार काय? त्या खोलीत आता तांदळाची पिंपं होती आणि आंब्याच्या रिकाम्या पेट्या. दिवा कधीच मोडीत गेला होता. म्हणून मग पुठ्ठा आणला, फेविकॉल आणला, आणि मालिनीबाई मिरकरवाडा बंदरावर अयूबच्या दुकानात गेल्या. अयूब ट्रॉलरवरचे वायरलेस सेट दुरुस्त करायचा. शाळेत त्यांचाच विद्यार्थी, स्वानंदीच्या वर्गातला.

"बाई, सेलला थेट सोल्डरचा डाग देऊ नका हां," तो म्हणाला. "तापला तर फुटेल. दोन बाजूंना तांब्याच्या पट्ट्या ठेवा नि मध्ये सेल दाबून बसवा. आणि एलईडी पिवळाच न्या. पांढरा लवकर मंदावेल."

मग सहज विचारावं तसं त्याने विचारलं, "कोणासाठी करताय?"

"स्वानंदीच्या मुलीला पाठवायचाय."

अयूबने डबीतून आणखी दोन एलईडी काढले आणि पुडीत टाकले.

खाटेवरच्या पांघरुणासाठी मालिनीबाईंनी ट्रंकेतला निळा फ्रॉक काढला. कात्री एकदा घेतली, ठेवली, पुन्हा घेतली. शेवटी घेराच्या आतल्या बाजूचा, दुमडीतला तुकडा कापला. तिथला रंग उन्हाने विटला नव्हता. सेल बसवून झाल्यावर ते पांघरूण त्यांनी खाटेला चारही बाजूंनी शिवून टाकलं.

मग दारं-खिडक्या लावून घेतल्या आणि खोक्यात डोकावून पाहिलं. लिंबाच्या बीएवढा उजेड टेबलावरून उशीवर उतरला होता. सगळं जागच्या जागी होतं. उशी तेवढी रिकामी होती.

कुरियरवाल्याने खोकं हातात घेऊन विचारलं, "आत बॅटरी वगैरे नाही ना, मॅडम?"

नाही म्हणता आलं असतं. पण जन्मभर मुलांना विज्ञान शिकवलेल्या जिभेला ते जमेना.

"आहे. अगदी छोटी आहे हो."

"छोटी असली तरी सेल आमच्याकडून विमानाने जात नाही. काढून आणा, लगेच पाठवतो."

घरी येऊन त्यांनी शिवण उसवली. सेल नखाने बाहेर ओढला तसा दिवा विझला. तिथे कुणाला कळणार, कुठली बाजू वर ते? त्यांनी नेलपॉलिशने पट्टीवर लाल ठिपका काढला, तिकडे कुठला सेल घ्यायचा त्याची चिठ्ठी टाकली आणि पांघरूण नुसतंच वर पसरलं. पोरीची खोली अंधारीच विमानात चढली.

पार्सल पोहोचलं त्या दिवशी सकाळी फोन वाजला. तिकडे रात्र पडू लागली होती. पडद्यावर ओवीचं कपाळ आणि अर्धं खोकं.

"आजी, आलं! पण दिवा लागत नाहीये."

"बाबांना बोलाव बघू."

"बाबा अजून ऑफिसमध्ये आहे. ममा आहे."

ममा म्हणजे मृण्मयी. सांगलीची. गेल्या वर्षी जावयाने, सलिलने, लग्न केलं तेव्हा मालिनीबाईंनी साडी पाठवली होती, आशीर्वाद पाठवले होते. पण ती पडद्यावर आली की त्यांचं नेमकं गॅसवरचं दूध उतू जायचं.

आज फोन ठेवला, तर दिवा लागणार नव्हता.

"दे तिला," त्या म्हणाल्या.

चेहरा आला नाही. फक्त हात आले. लांबसडक बोटं, नखं कापलेली, एका हातात भुवयांचा चिमटा.

"सेल आणलाय मी, काकू. पण आत जागाच नाहीये."

"आधी पांघरूण काढ. हळू. फाटेल."

त्या हातांनी निळा तुकडा उचलला, तळहातावर घडी केली आणि बाजूला ठेवला. इतक्या जपून, की मालिनीबाई क्षणभर पुढचं सांगायचं विसरल्या.

"आता?"

"लाल ठिपका दिसतो? अधिकची खूण त्या पट्टीला लागू दे. तिरका सरकव, मग दाब."

सेल एकदा निसटला. दुसऱ्यांदा अडकला. मग टेबलावरचा दाणा पिवळा झाला.

"लागला! आजी, लागला!" ओवीने तिकडचा मोठा दिवा बंद केला. अंधारात उजळलेली ती चिमुकली खिडकी, आणि तिला डोळा लावलेली पोर. बराच वेळ ती आत बघत राहिली.

"आजी, ममाची खाट कुठंय?"

"ओवी!" मृण्मयी घाईने म्हणाली. "ती आईची खोली आहे ना, बाळा? मी तिथे नव्हते." मग आवाज उतरला. "सॉरी, काकू. लहान आहे ती."

मालिनीबाईंनी पडद्यावरच्या खोलीकडे पाहिलं. खाट, टेबल, खिडकी. खिडकीखालची जागा मोकळी होती. पुठ्ठा कापताना तिथे काय ठेवावं ते त्यांना सुचलं नव्हतं.

"मृण्मयी," त्या म्हणाल्या. हे नाव त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच निघत होतं. "लहानपणी तुझी खाट कशी होती गं?"

अंधारात तो दिवा तेवढा दिसत होता.

"खाट नव्हती, काकू. आम्ही बहिणी खाली झोपायचो. सतरंजीवर."

"बरं." मालिनीबाईंनी पदर आवळून घेतला. "सतरंजी करायला सोपी. पट्टे कुठल्या रंगाचे होते, आठवतंय?"

आणि उत्तर यायच्या आत त्यांनी ओला झालेला चष्मा काढून टेबलावर ठेवला.