धरलेली जागा

चौथ्यांदा मी त्या खिडकीसमोर उभी राहिले, तेव्हा आतल्या माणसाने चष्मा काढला, पुसला आणि परत डोळ्यांवर चढवला. तेवढ्यात मी नाहीशी होईन अशी त्याला आशा असावी. मी कसली होतेय!

“बाई, मागच्या वेळीच सांगितलं ना तुम्हाला.”

“परत सांगा. ऐकायला बरं वाटतं.”

त्याने परत सांगितलं. परदेशी कामगाराच्या पगारातून दर महिन्याला विम्याचे पैसे कापतात. कायमचं घरी जायला निघालात की ते परत मिळतात, पण पाच वर्षं भरली असतील तरच. एक महिना जरी कमी पडला तरी हात हलवत जायचं. माझ्या नावावर चार वर्षं एक महिना होता.

“आणि सुरुवातीचे अकरा महिने? तेव्हा काय मी झोपा काढत होते?”

“नोंद नाही.”

“त्याच धुलाई कारखान्यात होते मी. त्याच इस्त्रीच्या यंत्रावर. हे बघा!” मी बाही वर सरकवली. डाव्या मनगटावर भाजल्याचा तपकिरी पट्टा आहे, बांगडी भरल्यासारखा. “हे काय मी हौसेने करून घेतलंय?”

माणूस सभ्य होता आणि त्याचाच मला जास्त राग येत होता. उद्धट असता तर कडकडून भांडता तरी आलं असतं. त्याने वाकून हात नीट पाहिला आणि संगणकात बराच वेळ काहीतरी शोधलं.

“भाजल्याची नोंद आहे. तेच यंत्र, डावं मनगट. पण कार्ड दुसऱ्या बाईचं आहे. आडनाव तुमचंच. कोण ही?”

“जाऊ,” मी म्हणाले आणि जीभ चावली.

नोंद का नाही ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. उगाच वेड पांघरून पेडगावला चालले होते. आम्हा बाहेरून आलेल्या बायकांत तिथे एक पद्धत होती. कुणी बाळंतपणाला गेली, आजारी पडली, की नात्यातली दुसरी तिचं कार्ड घेऊन कामावर जायची. त्याला जागा धरणं म्हणायचे. एरवी नोकरी जायची. आत गेल्यावर टोपी, तोंडाला फडकं, पायापर्यंत निळा झगा. मुकादम सकाळी डोकी मोजायचा, चेहऱ्यांशी त्याला काही देणंघेणं नव्हतं.

माझा नवरा गेला तेव्हा मुलगी दोन वर्षांची होती. दिराने इकडे बोलावून घेतलं. माझं स्वतःचं कार्ड यायला वेळ होता आणि धाकट्या जावेला सातवा महिना लागला होता. मग काय, मुलीला गावी माझ्या बहिणीकडे ठेवलं आणि मी धाकटीची जागा धरली. पगार तिने दर महिन्याला न चुकता माझ्या हातावर ठेवला, खोटं कशाला बोलू? पण विम्याचे पैसे तिच्या खात्यात पडत होते, हे दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही. आमच्या डोक्यात तेव्हा ओल्या चादरी आणि तिचं बाळ एवढंच होतं.

खिडकीवाल्याने आवाज खाली आणला. “समजा, एकीच्या कार्डावर दुसरीने काम केलं असेल, तर दोघींनी येऊन तसा जबाब द्यायचा. महिने दुसरीच्या नावावर येतात.”

“आणि पहिलीचं काय होतं?”

“कार्ड रद्द. कुटुंबासकट परत पाठवतात.” त्याने चष्मा परत काढला. “मी काही विचारलं नाही. तुम्ही काही बोलला नाहीत.”

घरी आले तर धाकटी पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होती. कारखान्यात दिवसभर घड्या, घरी आल्यावर परत घड्या. मी तिला सगळं एका दमात सांगितलं. हातातली घडी पुरी करून ती म्हणाली, “ताई, तुम्ही म्हणाल तसं.”

तिची ही जुनी खोड. तुम्ही म्हणाल तसं! म्हणजे पाप माझ्या माथ्यावर, ही नामानिराळी. “मी म्हणेन तसं? चल मग उद्या. जबाब दे. नवरा, पोर, भांडीकुंडी घेऊन निघा माझ्याबरोबर!”

तिने खरंच कपाटातून बाहेर जायची साडी काढली. मला स्वतःचीच चीड आली.

“ठेव ती साडी. आली मोठी.”

तिने साडी ठेवली आणि डोळे पुसले. मग एकदम तिचा चेहरा उजळला. “ताई, असं करू. तुम्ही जा घरी. तुमचं कार्ड मला द्या. अकरा महिने मी रात्रपाळी करते तुमच्या नावावर. तुमची जागा मी धरते.”

“अगं बये, दारावर आता अंगठा लागतो! तो काय कापून देऊन जाऊ?”

ती हसली, मीही हसले, आणि मग दोघींनाही रडू आलं. त्या घड्यांची पार वाट लागली.

दुसऱ्या दिवशी मी मुकादमाला गाठलं. राजीनामा देऊन झाला होता, तिकीटही काढलं होतं. तो म्हणाला, राहायचं असेल तर शुक्रवारपर्यंत सांग, माणसं कमीच आहेत. मी मनाशी ठरवून टाकलं. अकरा महिने म्हणजे काय, हां हां म्हणता निघून जातात. पैसे हातात आले की गावात दोन खोल्या घेता येतील, बहिणीच्या घरात आश्रितासारखं राहायला नको. धाकटीचं घर मोडायला नको. सगळ्यांचं भलं, नेहमीप्रमाणे माझ्या जिवावर.

संध्याकाळी मुलीला फोन लावला. आता सात वर्षांची आहे. रडेल, रुसेल, म्हणून मी समजूत घालायची सगळी तयारी करून बसले होते. “बाळा, आईला यायला थोडा उशीर होणार आहे. अकरा महिने.”

“बरं,” ती म्हणाली. मागे कुकरची शिट्टी झाली. “मग आईला सांगू का तसं?”

“कुठल्या आईला?”

ती मोठ्या माणसासारखी सावरून घेत म्हणाली, “मावशीला गं. मावशीला सांगू का?”

मला बहिणीचा राग आला नाही. यायला हवा होता, बाकी सगळ्या जगाचा येतच होता. पण ती काय चुकली? मी पोर तिच्या मांडीवर ठेवून आले, तिने वाढवली. ताप आला तेव्हा ती जागली. चुकलं कुणाचंच नव्हतं. भांडायचं तरी कुणाशी?

“नको सांगूस,” मी म्हणाले. “मी येतेय. ठरल्या दिवशीच.”

“नक्की?”

“नक्की. मावशीला फोन दे.”

पाचव्यांदा खिडकीवर गेले तेव्हा चष्मा पुसायची पाळी त्याच्यावर आली नाही. मीच आधी बोलले. “माझा अर्ज रद्द करा. परवा निघाले मी.”

तो बघतच राहिला. “अहो बाई, पाच वर्षं राबलात. वेड्यासारखं काय करताय? कार्ड चालू आहे, काम आहे. अकराच महिने थांबा की!”

“थांबता येत नाही. तिकडे माझी जागा बहिणीने धरली आहे.”

जागा धरणं म्हणजे काय, ते त्यालाही ठाऊक असणार. इतकी वर्षं आमच्यासारख्याच बायका त्याच्या खिडकीशी येत होत्या. पण त्याला वाटलं, मी कुठल्या तरी नोकरीबद्दल बोलतेय.

“मग घाई कसली? सख्खी बहीण आहे ना? नीट करत नाही का काम?”

“करते ना,” मी म्हणाले. “फार चांगलं करते.”