टाकीत सोडलेली वाफ

कारखान्यामागची टाकी काठोकाठ भरत आली होती आणि पाणी अजून लालभडकच होतं. रंगाऱ्याची लेक टाकीच्या काठाशी वाकली. रंगातलं विष तोडणारं एन्झाइम तिने सकाळी स्वतःच्या हाताने ओतलं होतं. एव्हाना पाणी फिकं पडायला हवं होतं. तिने पाण्यात बोट बुडवलं आणि चटका बसताच मागे घेतलं.

“बाबा, टाकीत वाफ कोणी सोडली?”

“मी,” रंगारी म्हणाला. त्याचा उभा जन्म कापड रंगवण्यात गेला होता. “तूच म्हणालीस ना, त्याला ऊब लागते? म्हटलं, आच वाढवली की झटपट उरकेल. आमचा रंग असाच चढतो.”

“ऊब म्हणजे कोमट, बाबा. एवढ्या उष्णतेने ते एन्झाइम कामातून गेलं.”

आत यंत्रं चालूच होती आणि पाइपातून लाल पाणी धो धो येत होतं. रंगारी ओढ्याकडच्या झडपेपाशी गेला.

“आजचा दिवस पाणी ओढ्यात सोडून देऊ. कोणाच्या बापाला कळणार नाही.”

लेकीने झडपेचं चाक दोन्ही हातांनी धरून ठेवलं. “माझ्या बापाला कळलंय.”

रंगारी झडपेपासून मागे सरला. मग आत गेला. कापड अर्धवट रंगलेलं असताना यंत्र थांबवलं तर सगळा माल डागाळतो, हे त्यानेच तिला लहानपणी शिकवलं होतं.

थोड्या वेळाने एकेक यंत्र थांबत गेलं आणि पाइपाची धार तुटली.