साडेपाचच्या आतला सोमवार

मी इंडेक्स बोलतोय. पुस्तकाच्या मागच्या पानांतला नव्हे. भोपाळच्या एका सरकारी कारखान्याच्या हजेरीच्या डेटाबेसमधला. गेटवर कार्ड टेकवलं की वेळ नोंदली जाते. अशा लाखो नोंदींतून हव्या त्या तारखेच्या नोंदी चटकन काढून देणं, एवढंच माझं काम.

मला घडवलं सुचेतानं. लग्न होऊन नागपूरहून भोपाळच्या सोनागिरी वस्तीत आलेली, कमी बोलणारी मुलगी. कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात तिला नुकतीच नोकरी लागली होती. आधी तिनं डेटाबेसला साधंच सांगितलं, वेळेतून तारीख काढ आणि तिच्यावर इंडेक्स कर. डेटाबेसनं साफ नकार दिला. त्याचंही बरोबर होतं. एकाच क्षणाला भोपाळात सोमवार असतो आणि लंडनमध्ये रविवार. विचारणाऱ्याच्या घड्याळाप्रमाणे बदलणारं उत्तर मी कायमचं लावून कसं ठेवणार?

"अरे बेटा, यूटीसी लिख दो, टंटा खतम," चहा ओतता ओतता विभागाचे साहेब सुभाषजी म्हणाले.

यूटीसी म्हणजे जगाचं सामायिक घड्याळ, आपल्या साडेपाच तास मागे. सुचेतानं ते माझ्यात लिहिलं, अहवालातही लिहिलं. मी जन्मलो. अहवाल झटक्यात निघू लागले. वेग बघून सगळे खूश. उत्तर बरोबर आहे का, हे कोणी विचारलं नाही. माणसांचं हे असंच.

मग सुचेताचा नवरा, याच कारखान्यातला जयंत, गैरहजर निघाला. रजा संपवून तो सोमवारी कामावर गेला होता. पण अहवालात सोमवार कोरा आणि हजेरी सुट्टीच्या रविवारी! तो अजून ट्रेनी. न सांगता खाडा पडला की पक्की नोकरी लांबणीवर.

"नई दुल्हन छोड़के इतवार को ड्यूटी?" सुभाषजी हसले. "झगड़ा हुआ क्या?"

सुचेता हसली नाही. लॅपटॉप घेऊन घरी आली.

"अगं, त्या दिवशी पहिल्याच बसनं गेलो होतो," जयंत म्हणाला. "सव्वापाचला कार्ड टेकवलं."

"उजाडायच्या आत?" सासूबाई, नलिनीताई, मेथी निवडत होत्या. "मग तो रविवारच की रे. पंचांगात दिवस सूर्य उगवल्यावर बदलतो. तुमचं यंत्र आमच्यातलं दिसतंय."

सुचेताचे हात थांबले. "आई, सूर्य नाही. साडेपाच!"

यूटीसीची मध्यरात्र आपल्याकडे पहाटे साडेपाचला होते. त्याआधी गेटवर आलेला प्रत्येक जण माझ्या लेखी आदल्या दिवसाचा.

दुसऱ्या दिवशी तिनं मला पाडून नव्यानं बांधलं, या वेळी भारताची वेळ नावानिशी लिहून. अहवालातही तेच शब्द घातले. शब्द जुळले नाहीत तर मला कोणी विचारतच नाही. मी नुसता बसून राहतो आणि डेटाबेस एकेक नोंद चाळत सुटतो. जयंतचा सोमवार त्याला परत मिळाला. सुभाषजींनी स्वतः जयंतच्या साहेबांना फोन लावला, "लड़का आया था भाई. हमारी मशीन ही लंदन में बैठी थी."

तेव्हा मला नुसती तारीख विचारू नका. कुठल्या गावची, तेही सांगा.

जयंत आता पक्का झालाय. आता रोज पहिल्याच बसनं येतो. नलिनीताईंच्या हिशेबी तो आदल्या दिवशीच कामावर पोचतो. मी मात्र त्याला आजच्यात ठेवतो.