तिसरा घाणा

सुकेशनी खरातचं पत्र पुंजाराम गायक्यांनी शब्दकोशात 'प'च्या पानांत दडवून ठेवलं होतं. त्याला सात महिने झाले, आणि त्या सात महिन्यांत त्यांनी 'प'चा एकही शब्द पाहिला नव्हता. पत्र काही लांबलचक नव्हतं. पण जी बाई वीस वर्षं 'गायकेभाऊ' म्हणत आली, तिनं वरच 'श्री. पुंजाराम गायके यांस' असं लिहिलं होतं.

'तुम्ही निवडून दिलेला प्रोब आणि लॉगर लावून तीन महिने झाले. पहिला घाणा चांगला निघतो. दुसरा करपतो. तिसऱ्याचा कोळसा होतो. लॉगर मात्र म्हणतो तिन्ही सारखे, तिन्हींच्या रेषा एकावर एक बसतात. यंत्र खोटं बोलतंय की तुम्ही, एवढं कळवा. फोन तुम्ही उचलत नाही म्हणून पत्र.'

वाळूजच्या एका कारखान्यात पुंजाराम तापमापकं दुरुस्त करायचे आणि सुकेशनी स्टोअरच्या खिडकीत बसायची. पुढं तिनं नोकरी सोडली आणि छावणी भागातल्या घराच्या मागच्या पडवीत कॉफी भाजायला घेतली. गॅसवर फिरणारा ड्रम, त्याला छोटी मोटार, चिकमगळूरहून येणारं हिरवं बी. नुसत्या रंगावर आणि वासावर भाजलं की रोज चव वेगळी. म्हणून ती पुंजारामांकडे आली होती. ड्रममधल्या बियांची उष्णता सांगणारी कांडी, म्हणजे प्रोब, कोणता घेऊ, आणि तो आकडा दर सेकंदाला टिपून ठेवणारा लॉगर कोणता?

पुंजारामांनी आठवडाभर पुस्तकं चाळली. जाड प्रोब दणकट, पण त्याला उष्णता उशिरा कळते. बारीक लगेच सांगतो, पण बियांच्या माऱ्यानं वाकू शकतो. अखेर तीन मिलिमीटरचा घ्या, असं त्यांनी लिहून दिलं. कुठली तार कुठं जोडायची तेही दोन पानं भरून लिहिलं. सामान तिनं गुलमंडीत बन्सीच्या दुकानातून घेतलं.

आणि मग ते पत्र. पहिल्या दिवशी त्यांना वाटलं, सहा मिलिमीटरचाच सांगायला हवा होता. दुसऱ्या दिवशी वाटलं, लॉगरच हलका निघाला. चौदा उत्तरं लिहायला घेतली. प्रत्येकाची सुरुवात 'कदाचित'नं झाली आणि शेवट रद्दीत.

"माणसाला हो म्हणता येतं, नाय तर नाय म्हणता येतं," आशाबाई, त्यांची बायको, भाजी निवडता निवडता म्हणायची. "तुम्हाला दोन्हीबी येत नाय."

त्या सोमवारी भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं, म्हणून ते सेल आणायला गुलमंडीत गेले. कापडदुकानांमागच्या बोळात बन्सीचं दुकान. मोटारी, वायरी, तापमापकं, सगळं छतापर्यंत रचलेलं. काउंटरपाशी पाठमोरी सुकेशनी उभी होती. पुंजाराम तिथूनच परत फिरले असते, पण बन्सीनं पाहिलं.

"या मास्तर, या. तुमचंच नाव निघालं होतं. चांगल्या कामासाठी नाय, पण निघालं होतं."

सुकेशनीनं मागं वळून पाहिलं नाही. "बन्सी, आधी माझं बघ."

"तेच तर बघतोय, मॅडम." काउंटरवर तिचा जुना लॉगर आणि प्रोब पडले होते, आणि शेजारी एक चकचकीत खोका. "ह्या मास्तरच्या कचऱ्याला बंबात घाला. हा आठ प्रोबचा डबा न्या. मोबाइलवर आलेख दिसतो. शुक्रवारी हॉटेलवाले आले तर तेबी गार पडतील."

"शुक्रवारी?" पुंजारामांच्या तोंडून निघून गेलं.

आता ती वळली. "व्हय, शुक्रवारी. त्यांच्या डोळ्यांदेखत तीन घाणे काढायचेत. तिन्ही सारखे निघाले तर वर्षभराचं काम माझं. नाय निघाले तर ड्रम भंगारात. झालं समाधान?"

"तो प्रोब... कदाचित सहा मिलिमीटरचा..."

"कदाचित," सुकेशनी बन्सीला म्हणाली. "ऐकलंस ना? सात महिन्यांनी तोंड उघडलं, आणि त्यातून काय पडलं तर कदाचित."

बन्सी मनापासून हसला. पुंजारामांनी मान खाली घातली, आणि म्हणूनच त्यांना तो सांधा दिसला. प्रोबच्या मागून दोन तारा निघाल्या होत्या, लाल आणि निळी. पुढं लॉगरपर्यंत जाणारी जोडवायर लाल आणि पिवळी. सांध्यावरची काळी पट्टी उष्णतेनं वळून सुटली होती आणि आत लाल तार लालला पीळ देऊन बसवलेली होती.

"हा सांधा कुठं असतो?"

"कुठं म्हणजे? ड्रमच्या चौकटीला बांधलाय. वायर तेवढीच पुरली."

"आणि जोडला कोणी?"

"मी," बन्सी म्हणाला. "लालला लाल. दुकान टाकल्यापासून हेच करतोय. लाल म्हणजे प्लस. तुमच्या पुस्तकात काही निराळं असंल तर माहीत नाय."

"चुंबक आहे?"

"क्या मास्तर, आता चुंबकानं कॉफी भाजता का?"

स्क्रू सांडू नयेत म्हणून बन्सीनं वाटीच्या बुडाशी एक गोल चुंबक लावला होता. पुंजारामांनी स्क्रू काउंटरवर ओतले आणि चुंबक काढून घेतला. बन्सीच्या कपाळाला आठ्या पडल्या. "हात लावू नका माझ्या सामानाला," सुकेशनी म्हणाली. पुंजारामांनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि सांधा उलगडला. प्रोबची लाल तार त्यांनी चुंबकाजवळ नेली. काही झालं नाही. निळी नेली, ती चटकन चिकटली. मग जोडवायर. पिवळी लोंबकळत राहिली. लाल चिकटली.

"चुंबकाला चिकटते ती वजा," ते म्हणाले. "प्रोब चीनचा आहे, त्यात लाल अधिक. जोडवायर अमेरिकी रंगांची आहे, त्यात लाल वजा. तुम्ही अधिकला वजा जोडलंय."

"मग आकडा उलटा गेला असता," बन्सी म्हणाला. "आकडा तर चढतो."

"लॉगरपाशीसुद्धा तुम्ही लालच अधिकमध्ये घातलीय. दोनदा उलटं झालं म्हणून चढतो. सांधा गार असेपर्यंत बरोबर दाखवतो. तापला की त्याची वाढलेली उष्णता आकड्यातून दुप्पट वजा होते. सांधा खोलीपेक्षा दहा अंश तापला की आकडा वीस अंश कमी. पहिल्या घाण्याला चौकट गार असते. तिसऱ्याला..."

"तिसऱ्याला लॉगर दोनशे म्हणतो, आणि आत दोनशे तीस असतात," सुकेशनी सावकाश म्हणाली.

मग तिनं पिशवीतून दोन घडी घातलेले कागद काढले आणि काउंटरवर आपटले. पुंजारामांचंच अक्षर. तिनं एका ओळीखाली नख ओढलं. 'प्रोबची लाल तार जोडवायरच्या पिवळीला जोडावी. लालला लाल जोडू नये, बहुधा.'

"हे बघा," बन्सीला एकदम जोर आला. "बहुधा! मास्तरलाच खात्री नाय तर मी गरिबानं काय करायचं?"

"मला खात्री होती," पुंजाराम म्हणाले.

"मग हा शब्द कशाला लिहिलात?" सुकेशनीनं विचारलं.

खात्री होती म्हणूनच लिहिला होता. एवढं ठासून सांगणारे आपण कोण, असं वाटलं होतं त्यांना. पण हे काउंटरपाशी उभं राहून कसं सांगायचं?

"वीस वर्षं खिडकीत तुमच्या चिठ्ठ्या वाचल्या मी," ती म्हणाली. "'बहुधा दोन नग लागतील.' दोन दिले की संध्याकाळी एक परत. तुमचं बहुधा आलं की निम्मं सोडून द्यायचं, हे मी तिथंच शिकले. म्हणून हा म्हणाला लाल म्हणजे प्लस, तर मी म्हटलं असंल." तिनं कागदांची घडी घातली. "तुम्ही चुकला असतात ना, तर दोन शिव्या देऊन मी विसरले असते. तुम्ही बरोबर होतात, आणि सात महिने गप्प बसलात. सांधा कुठाय, एवढी एक ओळ विचारली असती तरी भागलं असतं."

"मी येऊन जोडून देतो. उद्याच."

"माझ्या पडवीत तुम्ही नको. लिहून पाठवा. पोस्टानं. बुधवारपर्यंत आलं तर ठीक, नाय आलं तर गुरुवारी हा खोका नेते. आणि त्यात पुन्हा बहुधा दिसलं, तर तो कागद गॅसवर धरीन."

"मी डबा बाजूला काढून ठेवतो, मॅडम," बन्सी म्हणाला. "लागंलच. मास्तरला मी ओळखतो." ती लॉगर आणि प्रोब पिशवीत घालून गेल्यावर त्यानं स्क्रू वेचत विचारलं, "आन् तुम्हाला काय पायजे होतं? सेल? बहुधा दोन देऊ?"

पुंजाराम सेल न घेताच निघाले.

घरी बंद घड्याळाखाली बसून त्यांनी तीन पुस्तकांत पुन्हा एकदा रंग ताडून पाहिले. आपल्या पेटीतल्या तारांना चुंबक लावून पाहिला, दोनदा. मग लिहायला घेतलं. पहिल्या मसुद्यात 'बहुधा' चार वेळा आलं, 'कदाचित' दोनदा, आणि 'असे मला वाटते' पाच वेळा.

"सोडा की आता," आशाबाई म्हणाली. "त्या बाईचं नशीब, आन् तुमचं अक्षर."

पाचव्या कागदावर पत्र पुरं झालं.

'प्रोबची लाल तार जोडवायरच्या पिवळीला जोडा. निळी तार जोडवायरच्या लालला जोडा. लॉगरला पिवळी अधिकमध्ये, लाल वजामध्ये. सांधा चौकटीवरून काढून ड्रमपासून हातभर लांब ठेवा. प्रोब तीन मिलिमीटरचाच ठेवा, टोक बियांत बुडालेलं पाहिजे. उकळत्या पाण्यात तो अठ्ठ्याण्णव दाखवेल. आपलं संभाजीनगर उंचावर आहे, इथं पाणी अठ्ठ्याण्णवलाच उकळतं. बन्सी शंभर करून देतो म्हणेल, करू देऊ नका. शुक्रवारी तिन्ही घाणे सारखे निघतील.'

शेवटचं वाक्य लिहून त्यांनी ते पुन्हा वाचलं. दुसऱ्याच्या वर्षभराच्या कामाबद्दल असं सांगणारे आपण कोण? पेन टोपण काढलेलं तसंच हातात होतं. त्यांनी ते वाक्य खोडलं नाही. खाली आणखी दोन ओळी घातल्या. 'जोडणी बन्सीची होती. बहुधा हा शब्द माझा होता, आणि घाणे करपले ते त्या शब्दामुळे.'

मग त्यांच्या लक्षात आलं की तो शब्द पत्रात आलाच. ती कागद गॅसवर धरील. त्यांनी सगळं पत्र सहाव्या कागदावर उतरवलं आणि शेवट बदलला. 'जोडणी बन्सीची होती. चूक माझी होती.'

मंगळवारी पोस्टाचं दार उघडायच्या आत ते पायरीवर उभे होते. स्पीड पोस्टच्या खिडकीतल्या बाईनं पाकीट वजनकाट्यावर ठेवलं आणि पत्त्यावरून बोट फिरवलं.

"छावणीतच ना, काका? पत्ता बरोबर आहे?"

"बरोबर आहे," पुंजाराम म्हणाले.

तिनं शिक्का मारला आणि पाकीट मागच्या थैलीत टाकलं.