पावडरीचा वास

निघोज्याच्या वाटेवरच्या त्या सोसायटीत पाणी चांगलं की वाईट, हे कस्तुराबाईंचं नाक ठरवायचं. सकाळी नळाला पाणी आलं की पहिला तांब्या तोंडाशी धरून त्या हुंगायच्या. ब्लीचिंग पावडरीचा वास झोंबला तर ठीक. नाही तर सेक्रेटरी खंडूची खैर नसे. त्याला कारणही होतं. त्यांची नात करिष्मा काविळीतून मरता मरता वाचली होती. तेव्हापासून बिनवासाच्या पाण्यावरचा बाईंचा विश्वास उडाला तो उडालाच.

वरच्या मजल्यावरची श्रद्धा कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. एकदा मीटिंगमध्ये ती म्हणाली, "काकू, पावडर हवीच. पण टाकीच्या तळाशी गाळ साचलाय. त्यात पावडर मिसळली की भलतीच विषारी द्रव्यं तयार होतात. वर्षानुवर्षं पोटात गेली तर कॅन्सरचा धोका वाढतो. आधी टाकी धुऊ."

टाकी धुवायची म्हणजे दिवसभर पाणी बंद. बाया कुरकुरल्या. कस्तुराबाई तर उसळल्याच.

"तुझ्या घरात पाणी गाळायचं मशीन हाय, तुला काय! आमच्या पोरी मरू द्यायच्या व्हय? खंडू, टाक अजून पावडर!"

टाळ्या पडल्या. खंडूला तेवढंच हवं होतं; गाळ उपसण्यापेक्षा पावडर ओतणं सोपं.

वर्षं गेली. कस्तुराबाईंचे यजमान जयसिंग कंपनीतून निवृत्त झाले आणि एक दिवस त्यांच्या लघवीतून रक्त गेलं. मूत्राशयाचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी विडी विचारली, तंबाखू विचारली, कंपनीतलं काम विचारलं. कशातच काही सापडेना. शेवटी कस्तुराबाईंनीच चाचरत पाण्याचं विचारलं.

"त्यानंच झालं असं सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाले, "पण नाहीच, असंही म्हणता येत नाही."

नाही म्हणाले असते तर बाईंनी त्यांचे पाय धरले असते.

दुसऱ्याच दिवशी खंडूच्या मानगुटीवर बसून त्यांनी टाकी उपसून घेतली. काळा, बुळबुळीत गाळ घमेली भरभरून निघाला. बाया नाकाला पदर लावून बघत होत्या. कस्तुराबाईंनी पदर लावला नाही. हे आपण पाजलं, भांडून भांडून पाजलं, एवढंच त्यांच्या डोक्यात घुमत होतं.

संध्याकाळी धुतलेल्या टाकीत बेतानं पावडर पडली. स्वच्छ पाण्याचा पहिला तांब्या घेऊन त्या जयसिंगांच्या खाटेशी गेल्या. यजमानांनी तो तोंडाशी नेला, बायकोनं इतकी वर्षं शिकवलं तसा हुंगला, आणि खाली ठेवला.

"याला वासच न्हाई, कस्तुरे," ते म्हणाले. "चांगलं पाणी दे की."