ढब्बूचा सरकलेला ठिपका

भाचीने पडद्यावरचं चित्र थांबवलं आणि विचारलं, "मामी, हा ठिपका पुसून दुसऱ्या कानावर घेऊ ना?"

सत्तेचाळीस वर्षं ज्या ठिपक्याने मामीला छळलं, तो आता समोर हातभर मोठा होऊन बसला होता.

भाचीचं काम जुन्या फिल्म्स साफ करून नव्यासारख्या करायचं. यंदा तिच्या हाती ढब्बूची कार्टूनं लागली होती. ढब्बू म्हणजे लठ्ठ, आळशी, आंघोळीचं नाव काढलं की पलंगाखाली दडणारा कुत्रा. डाव्या कानावर एक तपकिरी ठिपका, एवढंच त्याचं सौंदर्य. सात-सात मिनिटांच्या त्या फिल्म्स मामी आणि तिची नणंद, म्हणजे भाचीची आई, यांनी तरुणपणी एकाच टेबलावर बसून रंगवल्या होत्या. म्हणून सल्ल्याला दोघींना बोलावणं होतं. वन्सं अजून जिना चढत होत्या. लिफ्टवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता.

"या आंघोळीच्या फिल्ममध्येच ठिपका भलत्या कानावर गेलाय," भाची हसत म्हणाली. "आई स्वतःच सांगते, माझी चूक म्हणून. पुसला की तिलाही बरं वाटेल."

आता हिला खरं कसं सांगायचं, असं मामीला झालं.

त्या काळी चित्राच्या काळ्या रेषा पारदर्शक शीटच्या पुढच्या बाजूला असत आणि रंग मागून भरायचा, म्हणजे रेष झाकली जात नाही. त्यासाठी शीट पालथी करायची. पालथी केली की डावं ते उजवं. नाकाला, जिभेला रेषेची कड होती, तिथे चुकायला वाव नव्हता. ठिपक्याला मात्र कडच नव्हती, तो ज्याने त्याने समजून द्यायचा. मामी नोकरीला लागून अकरा दिवस झाले होते. ढब्बू फेसातून डोकं वर काढतो त्या प्रसंगाच्या बत्तीस शीट आल्या, पहिल्या सोळा तिला, पुढच्या सोळा वन्संना. मामीने समोरच्या नमुन्यात बघून, गुणगुणत, मोठ्या झोकात सोळाही ठिपके दिले. सोळाही भलत्या कानावर.

आणि वन्संनी तिच्याच शीट बघून आपल्या सोळाही तशाच रंगवल्या. निदान मामी तरी इतकी वर्षं असंच समजत होती. बिचारीने विश्वास ठेवला आणि फसली.

चूक कळली तेव्हा फिल्म थिएटरांत पोचली होती. स्टुडिओचे साहेब लालबुंद होऊन आले. "हे कुणी केलं?" वन्सं तेव्हा वन्सं नव्हत्या, टेबलावरच्या मोठ्या बाई होत्या. त्या शांतपणे उठल्या. "मी." सहा महिने त्यांना जुन्या शीट धुवायच्या मोरीवर पाठवलं. हातांची सालं निघाली. मामी मूग गिळून बसली. पुढे वर्षभरात वन्संच्याच भावाशी तिचं लग्न झालं, तेव्हा तर बोलायची सोयच उरली नाही. भयंकर लाज वाटायची, आणि लाजेपायी ती नणंदेला जरा जास्तच जपायची. घरच्यांना वाटे, काय गुणाची सून आहे.

"पुसून टाक," मामी एकदम म्हणाली. ठिपका गेला की विषय संपला.

भाची एकेक चित्र पुढे सरकवू लागली. पहिली सोळा स्वच्छ होती. सतराव्यावर ती थबकली. "हे काय? डाव्या कानावरही काहीतरी आहे. पुसलेल्या रंगाची सावली." अठराव्यावर तेच. एकोणिसाव्यावर तेच. "म्हणजे आधी बरोबर कानावर ठिपका दिला आणि मग मुद्दाम खरवडून काढला. असं कोण करेल?"

मामी खुर्चीतून उठली. सतरापासून पुढच्या शीट कुणाच्या, हे तिच्याशिवाय इथे कुणाला माहीत असणार?

तेवढ्यात वन्सं दारात आल्या. धापा टाकत होत्या. "पंचाहत्तर पायऱ्या. मोजल्यात मी."

"वन्सं, तुम्ही बरोबर रंगवल्या होत्या," मामी म्हणाली. "चूक माझी होती. तुम्हाला माहीत होतं?"

वन्संनी पडद्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि सावकाश खुर्चीत टेकल्या. "माहीत नसायला काय झालं? माझं काम संपल्यावर तुझा गठ्ठा पाहिला, तो कॅमेऱ्याखालून जाऊन परतही आला होता. माझ्या गठ्ठ्यासाठी कॅमेरावाला दारात उभा. तुझ्या शीट पुन्हा रंगवून पुन्हा शूट करायला वेळ नव्हता, माझे ठिपके पुसून दुसऱ्या कानावर देण्यापुरता होता. अर्ध्या बरोबर, अर्ध्या चूक असत्या, तर शीटवरचे नंबर पाहून साहेबांनी तुला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं. सगळ्याच चुकल्यावर टेबलाच्या मोठ्या बाईनेच बोलणी खायची."

"पण का? अकरा दिवसांची तर ओळख."

"तू गुणगुणत रंगवायचीस," वन्सं म्हणाल्या. "पाचव्याच दिवशी ठरवलं होतं, हिला भावासाठी न्यायची. नोकरीवरून गेली असतीस, तर कुठे शोधत बसले असते तुला?"

मामीला रडू आणि हसू एकदमच आलं. तिने वन्संचा हात धरला. त्यावर फिकट डाग अजून होते. "आणि सत्तेचाळीस वर्षं बोलला नाहीत."

"तू किती लाड करत होतीस माझे. सांगून ते बंद करू होय?"

भाचीने हळूच विचारलं, "मग ठिपका...?"

"हात तर लाव," दोघी एकदमच म्हणाल्या.

महिन्याभराने भरल्या थिएटरात ढब्बू फेसातून वर आला आणि पुढच्या रांगेतली मुलं ओरडली, साबणाने ठिपका सरकला, ठिपका सरकला. सगळं थिएटर हसलं. वन्सं मामीच्या कानाशी वाकल्या.

"सोळापर्यंत तुझं हसू," त्या म्हणाल्या. "पुढचं माझं."